कोहा फुकट आहे, मग आमचे बिल कशाचे?

आम्ही ग्रंथालयांना कोहा बसवून देतो. आमच्या कोटेशनची पहिली ओळ अशी असते : ‘कोहा ग्रंथालय प्रणाली, परवाना शुल्क : ० रुपये.’ ही ओळ आम्ही मुद्दाम छापतो. खरेदी समितीच्या बैठकीत तिच्यावर नजर गेली की सचिव हमखास विचारतात, “सॉफ्टवेअर फुकट म्हणता, मग खालचे आकडे कसले?” प्रश्न रास्त आहे. बैठकीच्या घाईत त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधला. होरोव्हेनुआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याचा भरवसा नव्हता. तिथल्या ग्रंथालय न्यासाने तयार प्रणाली विकत न घेता १९९९ साली कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीला काम दिले, रीतसर पैसे मोजून. जानेवारी २००० मध्ये प्रणाली सुरू झाली आणि न्यासाने ती सगळ्यांसाठी खुली केली. ‘कोहा’ हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेतला शब्द. अर्थ भेट, पण पाहुण्याने यजमानाकडे न्यायची, परतफेडीची जाण असलेली. आपल्या आहेराच्या शेजारचाच म्हणा ना. आहेर ‘फुकट मिळाला’ असे कोणी म्हणत नाही, कोणी काय दिले ते वहीत लिहून ठेवतात.

तर कोहा लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून कोणीतरी मेहनताना देत आले आहे. आजही एखाद्या ग्रंथालयाला नवी सोय हवी असेल तर ते एखाद्या कंपनीला पैसे देऊन ती लिहून घेते, आणि तपासणीत उतरली की ती सोय सगळ्यांच्या कोहात येते. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती निघते, ती अशाच कामांची आणि हौशी लोकांच्या मदतीची मिळून.

कोहाचा परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा सार्वजनिक परवाना. वापरा, आतून तपासा, बदला, दुसऱ्याला द्या. सगळ्याला मुभा आहे. विकायलाही मनाई नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये स्वतःच्या ईमॅक्स या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत असत. फक्त विकत घेणाऱ्याने ती पुढे फुकट वाटली तर त्याला अडवता येत नाही. त्यामुळे प्रतीला फारशी किंमत राहत नाही, राहते ती राबण्याला. १९९३ साली सुरू झालेल्या रेड हॅट या कंपनीने लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीवर हाच व्यवसाय केला. लिनक्स तिच्या मालकीचे नव्हते. ग्राहक पैसे देत ते नीट तपासलेली आवृत्ती, सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि अडले की मदत यांसाठी. २०१९ मध्ये आयबीएमने ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. आमचा धंदा त्याच जातीचा. आकार मात्र तालुक्याएवढा.

आता आमच्या बिलाकडे येऊ. त्यातला सर्वांत मोठा आकडा ‘नोंदींचे स्थलांतर’ या ओळीपुढे असतो. कोहा सर्व्हरवर बसवायला एक दिवस पुरतो. तुमची पुस्तके त्यात बसवायला महिने लागतात. दाखल नोंदवहीत तीस वर्षांची पाच हस्ताक्षरे असतात. मध्येच कोणीतरी अर्धी यादी एक्सेलमध्ये केलेली असते, तीही युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘कादंबरी’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती उलगडायला आम्ही प्रोग्रॅम लिहिलेत, पण जोडाक्षरे आणि रफार शेवटी माणसालाच डोळ्यांनी तपासावे लागतात. एकच लेखक चार प्रकारे नोंदलेला असतो : आडनाव आधी, नाव आधी, नुसती आद्याक्षरे, टोपणनाव. ते चौघे एकच आहेत हे कोहाला सांगितले नाही, तर वाचकाला शोधात निम्मीच पुस्तके दिसतात. शिवाय एकाच दाखल क्रमांकाची दोन पुस्तके निघतात, तेव्हा ग्रंथपालांबरोबर कपाटापाशी उभे राहण्याला पर्याय नसतो. हे काम आम्ही नोंदीमागे दर लावून करतो.

बाकीच्या ओळी सोप्या : सर्व्हरचे भाडे, रोजचा बॅकअप, बारकोड, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल. नव्या आवृत्तीवर नेणे देखभालीतच येते. प्रणाली फुकट असली तरी सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तिथे आमचा इलाज नाही.

कोणी ‘कोहाचे लायसन्स’ म्हणून दरवर्षी किंवा वाचकामागे पैसे मागत असेल तर कोटेशन परत पाठवा. सेवेचे पैसे जरूर घ्यावेत, पण त्या नावाने घ्यावेत. आणखी एक : सर्व्हरचा मुख्य पासवर्ड संस्थेकडे असलाच पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका महाविद्यालयाला आधीच्या पुरवठादाराने तो दिलाच नव्हता. मुक्त प्रणाली घेऊनही त्यांची स्वतःचीच माहिती कुलपात होती. आम्ही पासवर्ड पहिल्याच दिवशी बंद पाकिटात देतो आणि दर तिमाहीला सगळ्या नोंदी ‘मार्क’ या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात काढून तुमच्या हाती ठेवतो. त्या घेऊन उद्या तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकता. (जाऊ नये असे वाटते, म्हणून फोन वेळेवर उचलतो.)

प्रत्येकाला आमची गरज असतेच असेही नाही. पुस्तके हजार-दोन हजार असतील आणि संगणकाची आवड असलेला कर्मचारी असेल, तर मार्गदर्शिका वाचून कोहा स्वतः बसवा. नोंदी करताना अडलात तर तेवढ्यापुरते विचारा. आमची कमाई ज्या कामावर चालते ते बहुतेक इतरांनी केलेले आहे. आमच्याकडून परतफेड म्हणाल तर मराठी पडद्यावरच्या शब्दांची दुरुस्ती आणि सापडलेल्या चुका कळवणे, एवढेच. आहेराच्या वहीत आमची बाकी बरीच दिसेल.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना दाखल नोंदवहीची सुरुवातीची दहा आणि शेवटची दहा पाने झेरॉक्स करून आणा, आणि जुनी यादी संगणकात असेल तर ती ज्या फॉन्टात आहे तो फॉन्टही आणा. नोंदीमागचा दर त्यावरूनच ठरतो.