बैलगाडा शर्यत

बैल जुंपलेला हलका गाडा किंवा छकडा ठरावीक अंतर पळवण्याची महाराष्ट्रातील चढाओढ. पुणे जिल्ह्यात बैलगाडा, सातारा-सांगलीकडे छकड्याचे मैदान आणि विदर्भात शंकरपट किंवा नुसता पट, अशी नावे रूढ आहेत. ग्रामदैवताच्या यात्रेशी तिचा संबंध जुना आहे.

उगमाविषयी एकमत नाही. पुष्कळदा ऋग्वेदातील मुद्गलसूक्ताचा (१०.१०२) दाखला दिला जातो. त्यात मुद्गल ऋषीची पत्नी मुद्गलानी रथ हाकते. रथाला एका बाजूस बैल आणि दुसऱ्या बाजूस द्रुघण म्हणजे लाकडी सोटा जोडलेला आहे. सूक्तातील ‘आजि’ या शब्दाचे शर्यत आणि लढाई असे दोन्ही अर्थ होत असल्याने वाद उद्भवतो. वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काने निरुक्त या ग्रंथात (९.२३) ‘संग्राम’ शब्द योजला आहे, तर आधुनिक अभ्यासकांपैकी काहींनी ही शर्यतच मानली. अर्थ कोणताही घेतला तरी त्यावरून आजच्या गाड्यापर्यंत अखंड परंपरा जोडणे धाडसाचे ठरेल. त्या मानाने ईलियन या इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लेखकाची नोंद अधिक जवळची वाटते. भारतात वेगवान बैलांच्या शर्यती होतात, राजा व सरदार त्यांवर सोन्या-रुप्याच्या पैजा लावतात आणि बैलांबरोबर घोडाही जुंपतात, असे तो सांगतो. मजकूर ऐकीव असून तो मेगॅस्थिनीस या चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातील ग्रीक वकिलाच्या लेखनावरून आला असावा असा एक तर्क आहे. नोंदीतील स्थळही महाराष्ट्र नव्हे.

घोड्याचा हा उल्लेख लक्षात राहतो तो पुणे जिल्ह्यातील पद्धतीमुळे. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूर या भागांत चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल असतात. गाड्यालगतची जोडी धुरेला, पुढची जुकाटाला. त्यांच्यापुढे स्वारासह घोडी पळते. गाड्यावर हाकणारा बसत नाही. एका धावेला बारी म्हणतात. गाडे एकामागून एक सुटतात आणि निकाल घड्याळावर, सेकंदांच्या अंशांत लागतो. गाडा सुटताच ध्वनिक्षेपकावरून ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, भंडारा उधळला जातो. मात्र येथे घोडी जुवात नसते. ईलियनच्या वर्णनात घोडा बैलांच्या बरोबरीने जुंपलेला आहे. म्हणून हे साम्य वरवरचेच मानावे.

सातारा-सांगली भागात दोन बैलांच्या छकड्यावर हाकणारा असतो. त्याला ड्रायव्हरच म्हणतात. अनेक छकडे आपापल्या चाकोरीतून एकाच वेळी सुटतात आणि गट, सेमी, फायनल असे फेरे होतात. वयानुसार गट पाडताना दात पाहतात : दुधाच्या दातांचा तो आदत, दोनदाती दुसा, चारदाती चौसा. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतील मैदान प्रसिद्ध आहे. बैल मुख्यतः खिल्लार. या जातीचा संबंध म्हैसूरच्या अमृतमहाल या गोवंशाशी जोडतात.

कायदेशीर बाजू गुंतागुंतीची आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैल आवरण्याच्या खेळाबरोबर या शर्यतीही अवैध ठरवल्या. राज्याने २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा केला, परंतु तो न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असून बैलांना इजा करण्यास मनाई आहे. क्रूरतेचा मूळ आक्षेप प्राणिमित्रांनी सोडलेला नाही.

बंदी उठल्यावर बक्षिसांत दुचाकी, ट्रॅक्टर, इतकेच काय जेसीबीही आले, आणि सुटीच्या दिवशी शहरांतून मित्रांचे घोळके घाटावर लोटू लागले.

विदर्भात तळेगाव दशासर (जि. अमरावती) येथील शंकरपट विख्यात आहे. रायगडच्या किनाऱ्यावर वाळूतही गाड्या पळवतात.