फादर्स डेच्या मुळाशी असलेला शेतकरी

‘फादर्स डे’ म्हणजे टाय आणि शुभेच्छापत्रं विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ, असं म्हणायची एक पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते नंतरच्या काळापुरतं. हा दिवस सुरू झाला तो एका लेकीला आपल्या शेतकरी बापाचे कष्ट चारचौघांत बोलून दाखवायचे होते म्हणून.

त्या बापाचं नाव विल्यम जॅक्सन स्मार्ट. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला सैनिक. १८८९मध्ये अर्कान्सा सोडून तो बायकामुलांसह पार वायव्येला, वॉशिंग्टनमध्ये क्रेस्टन गावाजवळ शेती करायला आला. वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा मिळाला तोही त्याच वर्षी, नोव्हेंबरात. मुलगी सोनोरा तेव्हा सात वर्षांची होती.

स्पोकेन शहराच्या पश्चिमेचा हा मुलूख गव्हाचा, आणि सगळा कोरडवाहू. पाऊस वर्षाला चाळीस सेंटीमीटरच्या आतबाहेर, त्यातला बराचसा हिवाळ्यात, बर्फ होऊन पडणारा. म्हणून रान एक वर्ष पेरायचं आणि एक वर्ष पड ठेवायचं. दोन वर्षांची ओल एका पिकाला. पड ठेवायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं मात्र नाही. तण माजलं की ओल गेलीच, त्यामुळे ज्या रानातून त्या वर्षी दाणाही निघणार नाही तिथेसुद्धा घोडे जुंपून कुळवाच्या पाळ्या घालाव्या लागत. माती खोल असेल तिथे पीक झकास, आणि थोडं पुढे गेलं की काळा कातळ उघडा पडलेला. त्यात १८९३च्या मंदीने गव्हाचे भाव पाडले.

१८९८ साली स्मार्टची बायको एलन बाळंतपणात गेली. मागे सोळा वर्षांची सोनोरा आणि तिचे पाच धाकटे भाऊ, त्यातलं एक तर नुकतंच जन्मलेलं.

शेतात वाढलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागू नये. गाय धारेची वेळ चुकवत नाही आणि तान्हं मूल भुकेची. त्या काळी मळणीला वाफेचं यंत्र घेऊन मजुरांची टोळी शेतावर येई, वीस-पंचवीस माणसं सहज असत, आणि त्यांच्या जेवणाखाण्याची जबाबदारी शेताच्या मालकावर, म्हणजे खरं तर त्याच्या घरातल्या बायकांवर असे. शेतावरची बाई गेली की घर पोरकं होतंच, पण शेतीचाही निम्मा गाडा अडतो. स्मार्टने शेत सोडलं नाही, मुलांनाही नातेवाइकांकडे वाटून टाकलं नाही.

त्याने सहा मुलं ‘एकट्याने’ वाढवली, असं वाक्य या दिवसाच्या माहितीत हमखास सापडतं. मला ते खटकतं. भावांना सांभाळण्यात सोनोराचा हात होताच. सोळाव्या वर्षी तिचं पोरपण संपलं. पण हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा तिने स्वतःचा वाटा बाजूला ठेवला आणि सगळं बापाच्या खात्यावर जमा केलं.

ती वेळ आली १९०९मध्ये. सोनोरा आता सोनोरा स्मार्ट डॉड झाली होती. लग्न होऊन स्पोकेनमध्ये राहत होती. मदर्स डे तेव्हा अगदी नवा होता, अ‍ॅना जार्विसने जेमतेम वर्षभरापूर्वी सुरू केलेला. त्यानिमित्त चर्चमध्ये आईच्या थोरवीवर प्रवचन झालं. सोनोराच्या मनात आलं, मग वडिलांचं काय? पुढच्या वर्षी तिने शहरातल्या धर्मोपदेशकांच्या मंडळापुढे आणि वाय. एम. सी. ए. या तरुणांच्या ख्रिस्ती संस्थेपुढे आपली मागणी ठेवली. तारीख सुचवली ५ जून, म्हणजे वडिलांचा वाढदिवस.

उपदेशकांना कल्पना पटली, तारीख झेपेना. प्रवचन तयार करायला वेळ हवा होता! आईवर बोलायला शब्द धावून येतात. बापावर बोलायचं म्हणजे त्यांनाही आधी बैठक मारावी लागली. म्हणून वाढदिवस मागे पडला आणि १९ जून १९१० ठरला, महिन्यातला तिसरा रविवार. तो आजही तसाच चालू आहे.

त्या दिवशीची रीत साधी होती. वडील हयात असतील तर लाल गुलाब लावायचा, नसतील तर पांढरा. आजारपणामुळे घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या वडिलांना सोनोराने घोडागाडीतून, मांडीवर आपलं लहान मूल घेऊन, भेटी पोचवल्या असं सांगतात.

याआधी ५ जुलै १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटमध्येही वडिलांसाठी प्रार्थनासभा झाली होती. जवळच्या मोनोंगा खाणीत डिसेंबर १९०७मध्ये स्फोट होऊन साडेतीनशेहून अधिक कामगार मेले होते, आणि शेकडो मुलं पोरकी झाली होती. ग्रेस गोल्डन क्लेटन या बाईंनी ती सभा घडवून आणली. ती एकदाच झाली.

स्पोकेनचा दिवस टिकला, पण रखडत. मदर्स डेला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१४मध्येच राष्ट्रीय मान्यता दिली. वडिलांच्या दिवसाला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२४मध्ये पाठिंबा दिला, तोही तोंडी लावण्यापुरता. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, प्रस्ताव येत आणि बारगळत. टाय, पाइप, मोजे यांच्यासाठी आणखी एक हंगाम काढताय, अशी टिंगल वर्तमानपत्रांतून होई. त्यांचंही फार चुकलं म्हणता येत नाही, कारण १९३०च्या दशकात सोनोराने व्यापाऱ्यांची मदत खरोखरच घेतली आणि १९३८पासून तर पुरुषांचे कपडे विकणाऱ्यांच्या संघटनेनेच प्रचाराची धुरा उचलली. शेत, पाळ्या, मळणी हे सगळं त्या जाहिरातींत कुठेच नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६६मध्ये या दिवसाचा जाहीरनामा काढला. हा दिवस दरवर्षी पाळण्याच्या कायद्यावर सही झाली १९७२मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची. सोनोरा तेव्हा नव्वद वर्षांची होती. वडील १९१९ सालीच गेले होते. तिनेच घालून दिलेल्या रीतीप्रमाणे त्रेपन्न वर्षं तिच्या वाट्याला पांढरा गुलाब आला होता.