डोंगरातली माणसे, मैदानातल्या गाड्या

मेला असे समजलेला मुलगा योसेफ जिवंत आहे आणि मिसर देशाचा, म्हणजे इजिप्तचा, कारभार पाहतो आहे, हे बाकीच्या मुलांनी सांगितले तेव्हा म्हाताऱ्या याकोबाला ते खरे वाटले नाही. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात पुढे लिहिले आहे, की योसेफाने पाठवलेल्या गाड्या त्याने पाहिल्या आणि त्याच्या जिवात जीव आला. मुलांच्या शब्दांनी जे झाले नाही ते गाड्या पाहून झाले. हे वाक्य मी पुष्कळ वर्षे नुसते वाचून पुढे जात होतो. गाडी पाहून एवढे काय पटावे?

उत्तर त्याच कथेत आहे. याच घरातले भाऊ दुष्काळात धान्य आणायला मिसरला गेले ते गाढवे घेऊन, आणि गोण्या लादून परतले तेही गाढवांवरच. याकोबाचा आजा अब्राहाम, त्याच्यापासून याकोबापर्यंतच्या सगळ्या भटकंतीत उंट येतात, गाढवे येतात, शेरडामेंढरांचे कळप येतात. गाडी येत नाही. ती येते थेट फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, हुकमाने, नाईलकाठच्या सपाट मुलखातून. कनानच्या, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या, डोंगरात तंबू ठोकून राहणाऱ्या माणसाच्या दारात चाकांची वाहने उभी राहिली, म्हणजे त्यांच्यामागे मोठे राज्य आहे हे कोणी सांगायची गरज उरली नाही.

जुन्या यहुदी भाष्यकारांना मात्र एवढ्याने समाधान वाटले नाही. हिब्रूत गाडीला ‘अगाला’ म्हणतात आणि कालवडीला ‘एगला’. स्वरचिन्हे नसलेल्या मजकुरात दोन्ही शब्द सारखेच दिसतात. त्यावरून त्यांनी अर्थ लावला, की बाप-लेकाची ताटातूट झाली तेव्हा दोघे कालवडीच्या विधीचा पाठ करत होते, आणि गाड्या ही योसेफाने पाठवलेली खूण होती. अर्थ ओढूनताणून लावलेला असला तरी मला तो फार गोड वाटतो.

गाडी परकी का, हे कळायला जमीन पाहावी लागते. भूमध्य समुद्राच्या काठाने सपाट पट्टा आहे. त्याच्या पूर्वेला शफेला नावाचा टेकड्यांचा प्रदेश, आणि त्यानंतर एकदम चढत जाणारा डोंगराळ मुलूख. यरुशलेम, हेब्रोन, बेथेल ही याकोबाच्या वंशजांची, म्हणजे इस्राएलींची, जुनी ठाणी या उंचावरच्या मुलखात. पट्ट्यात आणि उत्तरेच्या इज्रेलच्या खोऱ्यात चाक चालते. डोंगरात दगड, घळी आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते. तिथे ओझे न्यायचे तर गाढवाची पाठ, नाहीतर माणसाचा खांदा.

परक्यांनाही हे ठाऊक होते. मिसरी लेखनिकांच्या शाळांत नकलून काढले जाणारे, इ.स.पू. तेराव्या शतकातले एक पत्र आज ‘पॅपिरस अनास्तासी पहिला’ म्हणून ओळखले जाते. त्यात एक लेखनिक दुसऱ्याला टोमणे मारत विचारतो: कनानच्या वाटांची फुशारकी मारतोस, पण तिथून रथ हाकून दाखवशील का? मग तो कनानातल्या मगिद्दो नगराजवळच्या खिंडीचे चित्र उभे करतो. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कडा, वाटेत धोंडे आणि काटेरी झुडपे, झुडपांमागे दबा धरलेले लुटारू. घोडा बुजतो, रथ कलंडतो, तो सावरत कसाबसा यापो गाठायचे आणि तिथल्या कारागिरांकडून मोडलेले भाग बदलून घ्यायचे. यापो म्हणजे आजचे जाफा. त्याच जाफाहून यरुशलेमला गाडी जाईल असा रस्ता तुर्की अमलात १८६०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. त्याआधीचे यात्रेकरू घोड्या-खेचरांवर बसून वर चढत.

याचा अर्थ चाक त्या भागाला नवे होते असा नाही. मेसोपोटेमियात आणि युरोपात चाकांच्या गाड्यांच्या खुणा इ.स.पू. चौथ्या सहस्रकापासून मिळतात. पहिली चाके भरीव होती: फळ्या एकमेकींना जोडायच्या, आडव्या पट्ट्यांनी पक्क्या करायच्या आणि गोल तासायच्या. ती जड असत, पण शेतावरच्या ओझ्याला पुरत. आऱ्यांचे हलके चाक त्यानंतर दीडएक हजार वर्षांनी आले, आणि त्याच्याबरोबर घोड्याचा रथ. बैलगाडी आणि रथ ही दोन वेगळी जगे आहेत. हिब्रूतही शब्द वेगळे: गाडी ती अगाला, रथ तो मर्कावा.

रथांबद्दल थोडक्यात. इ.स.पू. पंधराव्या शतकात मगिद्दोच्या लढाईनंतर मिसरच्या फारो तिसऱ्या थुतमोसने ९२४ रथ ताब्यात घेतल्याची नोंद त्याने कर्नाकच्या मंदिरात कोरून ठेवली. हे रथ कनानी राजांचे. बायबलातल्या शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सरळ कबुली आहे, की यहूदाच्या वंशाने, म्हणजे इस्राएलींच्या एका कुळाने, डोंगराळ मुलूख घेतला, पण खोऱ्यातल्या लोकांना हुसकावता आले नाही, कारण त्यांच्यापाशी लोखंडी रथ होते. सगळा रथ लोखंडाचा असता तर तो घोड्यांना ओढवलाच नसता. लोखंड होते ते जोडकामात, असे समजणेच शहाणपणाचे. सीसरा नावाच्या कनानी सेनापतीकडे असे ९०० रथ होते, आणि इस्राएलींची नायिका दबोरा हिच्या विजयगीतात कीशोन नदी त्याच्या सैन्याला वाहून नेते. पूर आलेल्या खोऱ्यात चाके रुतली की रथाचा काय उपयोग राहतो, हे पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पुढे इस्राएलींचा राजा शलमोन याच्या काळात रथ मिसरहून विकत येऊ लागले: एक रथ ६०० शेकेल (जुने वजनमाप) चांदीला, घोडा १५० ला. राजांचे हे वैभव अर्थात खेड्यातल्या माणसाच्या दारी कधी आले नाही.

त्याच्या ओळखीची गाडी वेगळी, आणि तिची सर्वांत जिवंत कथा पलिष्ट्यांची आहे.

पलिष्टी हे इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुमारास किनाऱ्यावर येऊन वसलेले लोक. मिसरच्या तिसऱ्या रामसेसने मदीनत हाबू इथल्या मंदिराच्या भिंतीवर या समुद्रावरून आलेल्या टोळ्यांशी झालेली लढाई कोरून घेतली. त्यात युद्धाच्या धुमाळीत बैलगाड्या अडकलेल्या दिसतात. चाके भरीव, एकेका गाडीला चार-चार बैल शेजारी शेजारी जुंपलेले, आणि गाडीत बायका नि लहान मुले. बैलांना वशिंडे आहेत. वशिंडाची जात मुळात आपल्याकडची, भारतीय उपखंडातली. ती पश्चिमेला पसरत पसरत भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत गेली होती. त्या भिंतीची छायाचित्रे पाहताना नजर आधी त्या ओळखीच्या पाठींवरच जाते.

याच पलिष्ट्यांनी लढाईत इस्राएलींचा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, पळवला, आणि तो ठेवला त्या प्रत्येक नगरात रोगराई झाली. बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्यांचे पुजारी उपाय सांगतात. नवी गाडी करा. कधीही जू न घेतलेल्या दोन दुभत्या गाई तिला जुंपा. त्यांची वासरे मात्र घरी बांधून ठेवा. कोश गाडीवर चढवा आणि सोडून द्या. गाई इस्राएलींच्या बेथ-शेमेश गावाच्या वाटेने गेल्या तर हे देवाचे काम; नाहीतर जे झाले तो योगायोग.

ही कसोटी रचणाऱ्याला गुरे चांगली ठाऊक होती. मानेवर पहिल्यांदा जू आलेले जनावर अंग टाकते, झटके देते, मागे फिरते. त्याला वळण लावायला आठवडे जातात. इथे तर तशी दोन जनावरे एकत्र. त्यात त्या तान्ह्या वासरांच्या आया, कास भरलेल्या. गोठ्यात वासरू हंबरत असताना गाय रस्त्याने पुढे जाईल, यावर कुठला शेतकरी पैज लावेल? कथा सांगते, की त्या गाई हंबरत चालल्या, पण उजवीकडे वळल्या नाहीत की डावीकडे. ‘हंबरत चालल्या’ या एका तपशिलासाठी मी ही कथा पुन्हा पुन्हा वाचतो. वासराची ओढ संपली नव्हती. तरी त्या चालल्या.

वाटही खरीखुरी आहे. कथेतले शेवटचे पलिष्टी नगर एक्रोन. तेल मिक्ने इथे १९९६ मध्ये सापडलेल्या शिलालेखाने त्याची जागा पक्की झाली. तिथून बेथ-शेमेश सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटर, मध्ये सोरेकचे मोकळे खोरे. गाडी जाऊ शकेल अशी डोंगराकडची शेवटची सोपी वाट हीच. १८९२ मध्ये सुरू झालेला जाफा-यरुशलेम लोहमार्गही याच खोऱ्यातून वर नेलेला आहे. बेथ-शेमेशचे लोक खोऱ्यात गहू कापत होते. त्यांनी मान वर करून पाहिले तो गाडी येऊन एका मोठ्या शिळेपाशी थांबली. त्यांनी गाडीची लाकडे फोडली आणि त्याच गाईंचे होमार्पण केले. परक्यांची गाडी डोंगराच्या पायथ्याशीच संपली.

पुढे इस्राएलींचा राजा दावीद याने कोश यरुशलेमला आणायचे ठरवले, तेव्हा त्यानेही नवीच गाडी करवली. २ शमुवेलच्या सहाव्या अध्यायात ती डोंगरातून निघते, उज्जा आणि अहयो हाकत असतात, पुढे वाद्ये वाजत असतात. एका खळ्यापाशी बैल ठेचकाळले, कोश कलला, उज्जाने हात पुढे करून तो धरला आणि तो जागीच मेला. वाचकाला हे फार कठोर वाटते, मलाही वाटते. कारण भरलेली गाडी कलली की कोणाचाही हात आपसूक पुढे जातो. दावीद घाबरला, कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला, आणि दुसऱ्यांदा निघाला तो माणसांच्या खांद्यांवरून. इतिहास सांगणाऱ्या नंतरच्या ग्रंथात दावीद स्वतःच म्हणतो, की पहिल्या वेळी आपण रीतीप्रमाणे वागलो नाही.

ती रीत गणना या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. वंशांच्या सरदारांनी निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या फिरत्या तंबूसाठी, सहा झाकलेल्या गाड्या आणि बारा बैल दिले. दोन गाड्या नि चार बैल मंडप वाहणाऱ्या घराण्यांपैकी गेर्शोनच्या घराण्याला, कारण त्यांच्याकडे पडदे आणि आच्छादने. चार गाड्या नि आठ बैल मरारीच्या घराण्याला, कारण त्यांच्याकडे फळ्या, खांब आणि बैठका. निर्गम या पुस्तकात मंडपाच्या चांदीच्या १०० बैठकांचे वजन दर बैठकीला एक किक्कार (जुने मोठे वजनमाप) दिले आहे. किक्कार कमीत कमी ३० किलो धरला, तरी नुसत्या बैठका ३ टनांच्या. चार गाड्यांत वाटल्या तर दर बैलजोडीमागे साडेसातशे किलो, वर दहा हात उंचीच्या फळ्या वेगळ्या. वाटणी करणाऱ्याने डोके वापरले आहे. आणि कहाथाच्या घराण्याला एकही गाडी नाही. पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरून वाहायच्या. म्हणजे जड सामान बैलांनी ओढायचे, पण सर्वांत मोलाचे ओझे माणसाच्या अंगावर. पालखी खांद्यावर घेणाऱ्या आपल्या लोकांना यातला भाव समजावून द्यावा लागत नाही.

गाडी हळूहळू खेड्यातही मुरली, निदान सपाट शेतीच्या भागात. इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा आमोस तकोवाचा मेंढपाळ. तो देवाचा कोप सांगताना पेंढ्यांनी शिगोशीग भरलेल्या गाडीची उपमा देतो. संदेष्टा यशया पापाला ओढून आणणाऱ्या गाडीच्या दोरखंडांबद्दल बोलतो, आणि २८व्या अध्यायात मळणीचा धडाच देतो: कलौंजीवर मळणीचे अवजार ओढत नाहीत, जिऱ्यावर गाडीचे चाक फिरवत नाहीत, ती काठीने झोडपतात. धान्यावर चाक फिरवायचे, पण भुगा होईपर्यंत नाही. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये अशी आज्ञा अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे, आणि शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, विसाव्यात बैल आणि गाढवही मोजलेले आहेत. हीच शनिवारची सुटी कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने घाण्यावर पाळली, म्हणून आपल्या गावांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले.

चाकाचे बारीक वर्णन मात्र एकाच ठिकाणी येते: १ राजे, सातवा अध्याय. शलमोनाच्या मंदिरासाठी दहा काशाचे चौरंग ओतले, प्रत्येकाला चार चाके, दीड हात उंचीची, ‘रथाच्या चाकांसारखी’. मग कणा, पाटे, आरे, तुंबे असे चारही भाग एकेका शब्दाने मोजले आहेत. लिहिणाऱ्याने सुताराच्या शेजारी बसून नावे विचारून घेतली असावीत, इतकी ती नेमकी आहेत. सायप्रसमध्ये अशाच चाकांचे लहान काशाचे चौरंग सापडले आहेत, म्हणून हे वर्णन कल्पनेतले म्हणून सोडून देता येत नाही.

इस्राएलींच्या स्वतःच्या गाडीचे प्रत्यक्ष चित्र पाहायचे तर शत्रूच्या घरी जावे लागते. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब याने यहूदाच्या राज्यातले लाखीश नगर जिंकले आणि निनवेच्या आपल्या महालात त्या विजयाची एक खोलीभर शिल्पे कोरून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज उत्खनक लेयार्डने ती उकरली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकीकडे नगराच्या तटाला भिडलेली यंत्रे, तटावरून खाली पडणाऱ्या मशाली. दुसरीकडे वेशीतून बाहेर पडणारी रांग. तिच्यात दोन चाकांची एक बैलगाडी आहे, चाकांना आरे आहेत, जुवाखाली दोन बैल. गाडीवर गाठोडी रचली आहेत आणि त्यांच्यावर बायका-मुले बसली आहेत. याकोबाच्या घरातली बायका-मुले ज्या गाड्यांत बसून मिसरला निघाली, त्यांत ती अशीच बसली असतील. पुरुष पायी चालतो आहे.