पन्हळीत पाणी का बसतं?

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मामांचं यंत्रमागाचं शेड आहे. दोन छपरांच्या मधल्या खोबणीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची १० मीटर लांब पन्हळ. दर पावसाळ्यात ती गळायची आणि पाणी पडायचं नेमकं मागावर. टॉवेलच्या कापडावर गंजाचा तांबूस डाग पडला की तेवढं कापड बाजूला काढावं लागतं. मामा दरवर्षी मे महिन्यात सांध्यांवर डांबर ओतून घेत. हळूहळू प्रत्येक सांध्यावर डांबराचा छोटा बांधच तयार झाला. बांधामागे पाणी, पाण्याखाली गंज, गंजाला भोक आणि भोकावर पुन्हा डांबर.

गेल्या वर्षी आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी डांबर आणलंच नाही. आधी पन्हळीतलं जुनं डांबर खरवडलं, चार बादल्या पाणी ओतलं, तासभर थांबले आणि जिथं डबकं राहिलं त्याच्या कडेनं खडूची रेघ ओढली. "मालक, भोक नका शोधू. पाणी कुठं बसतंय ते बघा."

पाणी बसतं, कारण पत्रा हलतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते. उन्हातल्या पत्र्यावर तर हात ठेववत नाही. पहाटेच्या आणि दुपारच्या पत्र्यात ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यानं १० मीटरचा पोलादी पत्रा सुमारे ५ मिलिमीटर लांबतो, म्हणजे मीटरमागे अर्धा मिलिमीटर. हे किरकोळ वाटतं. पण मीटरभर पट्टी दोन्ही टोकांना आवळलेली असेल, तर त्या अर्ध्या मिलिमीटरनं तिचा मधला भाग जवळजवळ दीड सेंटीमीटर फुगू शकतो. पन्हळीला ८० ला १ असा चांगला उतार दिला, तरी मीटरमागे मिळतो सव्वा सेंटीमीटर. एका फुगवट्यात सगळा उतार गेला!

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या छपरांवर पन्हळी शिशाच्या असतात. शिसं उन्हात पोलादाच्या जवळजवळ अडीचपट वाढतं. शिवाय ते ३२७ अंशांनाच वितळतं, त्यामुळे नेहमीच्या हवेतही स्वतःच्या वजनानं वर्षानुवर्षं हळूहळू ओघळत राहतं. शिसं विषारी, आपल्याला नकोच. पण तिथल्या कारागिरांची युक्ती उचलण्यासारखी आहे. ते लांब पत्रा टाकतच नाहीत. जाडीनुसार दीड ते तीन मीटरचे तुकडे, प्रत्येक पुढचा तुकडा ५ सेंटीमीटर खाली, पायरीसारखा. प्रत्येक तुकडा आपापला वाढतो, आकसतो, फुगत नाही.

पायरी एवढी उंच का? समईच्या वातीत तेल चढतं, तसं दोन पत्र्यांच्या अरुंद फटीत पाणी वर चढतं. फट अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर ते ३ सेंटीमीटरच्या आसपास जाऊ शकतं. ५ सेंटीमीटरची पायरी त्याला पुरून उरते.

मिस्त्रींनी पन्हळीचे चार तुकडे केले. एकाच टोकाकडे उतार काढायला पुरेशी खोली नव्हती, म्हणून मधला भाग सर्वांत उंच धरून दोन्ही टोकांना पाणी काढलं. प्रत्येक बाजूला ५ मीटर: उताराचे सव्वासहा सेंटीमीटर, एका पायरीचे पाच. मधल्या सांध्यावर टोपीसारखी सैल पट्टी, रिव्हेट एकाच बाजूला. पातळी सगळी पाण्याच्या नळीनं धरली.

पन्हळीतून पाणी खाली उतरतं त्या तोंडाचं काम मला सर्वांत आवडलं. १०० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिलिमीटर या वेगानं पाऊस कोसळला, तर मिनिटाला ८० लिटरच्या वर पाणी येतं. सपाट तळातल्या भोकाशी पाणी पातळच असतं, त्याला जोर नसतो. तिथं वीतभर खोल पेटी बसवली की वरच्या पाण्याचं वजन खालच्याला पाईपमध्ये ढकलतं.

राहिला तूस, म्हणजे मागावरून उडणारे धाग्याचे बारीक तंतू. हा तूस आणि काळ्या मातीची धूळ भिजली की तळाशी घोंगडीसारखा थर बसतो. त्याखाली हवा कमी पोचते आणि नेमका तिथंच गंज पत्रा लवकर खातो. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, त्यामुळे मृगाआधीची एक सफाई पुरत नाही. पेटीवर आता घुमटासारखी जाळी आहे. खाली तूस साचला तरी वरून पाणी जातं.

परवाच्या पावसानंतर मी शिडीनं वर गेलो. पन्हळ ओली होती, डबकं कुठंच नव्हतं. जाळीच्या बुडाशी करंगळीएवढी तुसाची वळी अडकली होती, ती काढून घेतली. खाली माग चालूच होते.