अधू लाव्याला आधी जमीन द्या

२२ मार्च १९९० रोजी 'मीर' या सोव्हिएत अंतराळस्थानकावर जपानी लाव्याचं एक पिल्लू अंडं फोडून बाहेर आलं. पृथ्वीबाहेर जन्मलेला हा पहिला पक्षी. त्याच्यामागोमाग आणखी काही पिल्लं निघाली. अंड्यातली वाढ पूर्ण करूनच ती बाहेर आली होती. पण तिथे वजन जाणवत नसल्यामुळे पाय रोवायला जमीनच नव्हती. पिल्लं हवेत तरंगत, गरगरत राहिली. अंतराळवीरांनी हातात धरून ठेवलं तरच त्यांना खाता येई.

घरात अधू लावा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत लक्षात ठेवावी असं मला वाटतं. लाव्याचा सगळा संसार जमिनीवर चालतो. तो फांदीवर बसत नाही. त्याचं मागचं बोट आखूड असतं, फांदीला घट्ट विळखा घालण्याच्या कामाचं नसतं. पोपटाचा एक पाय निकामी झाला तर तो चोचीने जाळी पकडून वर चढतो. लाव्याला ती सोय नाही. दाणे टिपणं, पळणं, लपणं, धुळीत अंघोळ करणं हे सारं पायांच्या जिवावर. म्हणून पाय अधू झाले की लोक आधी औषध शोधतात, तेव्हा मी म्हणेन, आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा.

पिल्लांमध्ये तर अनेकदा पायाखालची जमीनच दोषी असते. जपानी लाव्याचं पिल्लू साधारण १७-१८ दिवसांत अंड्यातून निघतं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम ७-८ ग्रॅम असतं. सहा-सात आठवड्यांत ते वयात येतं. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या हाडांना आणि स्नायूबंधांना पहिल्या काही दिवसांत जे वळण लागतं ते टिकतं. गुळगुळीत कागदावर किंवा प्लास्टिकवर पाय घसरत राहिले की ते दोन्ही बाजूंना फाकतात आणि पिल्लू पोटावर पसरतं. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात आलं तर दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर राहतील अशी मऊ, न चिकटणाऱ्या पट्टीची सैल बेडी घालतात आणि पिल्लाला न घसरणाऱ्या रबरी जाळीदार चटईवर ठेवतात. रोज पट्टी सोडून पाय सुजलाय का, बोटांचा रंग बदललाय का ते पाहायचं. अनेक पिल्लं काही दिवसांत उभी राहतात. मोठ्या लाव्याच्या पायाचं हाड मात्र वाकडं पक्कं झालेलं असतं. त्याला बांधून, ओढून फक्त वेदना होतात.

सगळ्या पायांचं दुखणं एकच नसतं. बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळली असतील तर रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२ कमी पडल्याची शंका घ्यावी. त्याच्या अभावी पायाकडे जाणाऱ्या मुख्य मज्जातंतूचं आवरण बिघडतं. घोट्याच्या सांध्यावरून कंडरा बाजूला सरकली असेल तर मँगनीज किंवा कोलीनची कमतरता हे एक कारण असू शकतं. मान उलटी वळणं, आकाशाकडे बघत राहणं हे थायामिनच्या (जीवनसत्त्व ब-१) किंवा ई जीवनसत्त्वाच्या अभावाने होतं. पण तसंच ते डोक्याला मार लागल्यावर किंवा राणीखेतसारख्या विषाणूजन्य रोगातही होतं. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नये, पक्ष्यांचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याला दाखवावं. ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात आणि जास्तीची बरीचशी शरीराबाहेर जातात. ई, अ आणि ड तशी नाहीत, ती शरीरात साठतात. ई जीवनसत्त्वाबरोबर दिल्या जाणाऱ्या सेलेनियम या खनिजाचा डोस चुकला तर विषबाधा होते.

डोक्याला मार लागणं लाव्यात फार होतं. घाबरला की तो सरळ वर उसळतो. पिंजऱ्याचं छत कठीण आणि जेमतेम हातभर उंचीवर असेल तर डोकं त्यावर जोरात आपटतं. छत एक तर इतकं खाली हवं की उसळीला वेगच मिळू नये, नाही तर वरून सैल कापड ताणून लावावं. लंगड्या लाव्यालाही ही उसळी घेता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता जमिनीकडे वळू. जो पक्षी दिवसभर बसून असतो त्याचं वजन घोट्यांवर आणि छातीच्या उभ्या हाडावर पडतं. तिथली कातडी आधी लाल होते, मग सोलवटते, मग जखम चिघळते. तळपायाला भेग पडून स्टॅफिलोकोकस जिवाणू शिरले की गाठ होते आणि ती बरी व्हायला आठवडे लागतात. जाळीचा तळ अशा लाव्यासाठी नकोच. मऊ, सपाट विणीचं कापड बरं. टॉवेलच्या धाग्यांच्या फासांत नखं अडकून पाय आणखी मुरगळतो. कापड दिवसातून अनेकदा बदलायला हवं, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतल्या पांढऱ्या यूरिक आम्लापासून पुढे अमोनिया तयार होतो आणि तो कातडी, डोळे आणि फुप्फुसं तिन्ही जाळतो. बोटांभोवती विष्ठेचे कठीण गोळे जमतात. ते ओढून काढू नयेत, त्याबरोबर नख निघतं. कोमट पाण्यात पाय भिजवून गोळा मऊ होऊ द्यावा, मग तो आपोआप सुटतो.

काही जण मऊ कापडाची झोळी करून तिला पायांसाठी आणि विष्ठेसाठी भोकं ठेवतात. लावा त्यात थोडा वेळ उभ्यासारखा राहतो, पायांना व्यायाम मिळतो, छातीला विसावा मिळतो. कल्पना चांगली आहे, पण एक धोका आहे. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. झोळी किंवा मूठ छातीभोवती घट्ट झाली तर नाक-तोंड उघडं असूनही लावा गुदमरतो. हातात धरतानाही पंख आवरावेत, छाती मोकळी सोडावी.

उबेबाबतही असंच. धडधाकट पक्षी गरम वाटलं की सरकतो, अधू पक्षी जागीच भाजतो. म्हणून दिवा किंवा उबदार पट्टी खोक्याच्या एकाच टोकाला असावी आणि लाव्याला उबेच्या कडेला ठेवावं. तो चोच उघडून धापा टाकू लागला तर ऊब जास्त झाली.

दाणे आणि पाणी चोचीच्या उंचीवर, बसल्या जागी पोचेल असं ठेवायचं. पाण्याची वाटी उथळ हवी आणि तिच्यात गोट्या टाकाव्यात. मान वळलेला लावा दोन बोटं पाण्यातही बुडू शकतो. पाजायची वेळ आली तर घशात ओतू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. चोचीच्या कडेला थेंब ठेवावा, तो स्वतः चाटून घेईल.

मादी असेल तर माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उजेड. चांगला उजेड मिळाला की लावी जवळजवळ रोज अंडं देते. ते साधारण १० ग्रॅमचं, म्हणजे तिच्या वजनाच्या जवळपास ७ टक्के. कवचासाठी लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही तर ते हाडांतून काढलं जातं. आधीच कमजोर पाय असलेल्या, हालचाल नसलेल्या मादीला हे झेपत नाही. अंडं अडकून ती दगावू शकते. अंडी थांबवायची तर दिवस लहान करावा लागतो: साधारण ८ ते १० तास उजेड आणि उरलेला वेळ खरा अंधार. घरात राहणाऱ्या लावीसाठी रात्री अकरापर्यंत जळणारा दिवाणखान्यातला दिवा म्हणजे लांबलेला उन्हाळाच.

आंधळ्या लावीलाही हा नियम लागू आहे, आणि यामागचं विज्ञान मला फार विलक्षण वाटतं. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे नसलेल्या पक्ष्यालाही दिवसाची लांबी कळते. उजेड पिसं, कातडी आणि कवटीतून झिरपत मेंदूपर्यंत पोचतो. २०१० साली जपानी संशोधकांनी लाव्याच्याच मेंदूत, हायपोथॅलॅमस या भागात, ऑप्सिन-५ हे प्रकाश ओळखणारं प्रथिन काम करत असल्याचं दाखवलं. म्हणजे 'तिला दिसत नाही, दिवा राहू दे' हे चालणार नाही. आंधळ्या लाव्याची एरवीची गरज साधी आहे: वस्तू कधीही हलवायच्या नाहीत आणि हात लावण्याआधी आवाज द्यायचा.

कॅल्शियमबरोबर ड-३ जीवनसत्त्व हवं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी उपयोगी नाही, कारण लागणारे अतिनील-ब किरण काच अडवते. खाद्यात ड-३ असावं. ड-२ पक्ष्यांना फारसं लागू पडत नाही. नराला आणि अंडी न देणाऱ्या मादीला मात्र अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं भरपूर कॅल्शियमचं खाद्य रोज देऊ नये, मूत्रपिंडांवर ताण येतो.

घरातल्या हवेचं एकच सांगते. न चिकटणाऱ्या लेपाचं भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. लाव्याची खोली स्वयंपाकघरापासून दूर असावी.

लावा कळपातला पक्षी आहे, पण कळप अधू पक्ष्याला टोचतो आणि नर अधू मादीला सोडत नाही. मधे जाळी घालून शेजारी शांत सोबती ठेवावा. त्याची हाक ऐकू येते, तो दिसतो, आणि टोचणीही टळते.

आजार लपवणं हा शिकार होणाऱ्या प्राण्यांचा स्वभाव, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. १५० ग्रॅमचा पक्षी १५ ग्रॅमने उतरला म्हणजे दहा टक्के गेला, त्या दिवशीच डॉक्टर गाठावा. लाव्याचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचं, काही अधिक जगतात. एक पाय नसलेला लावाही आवडीने खातो, पिसं साफ करतो, वाळूच्या ताटात आडवा होऊन एका पंखाने धूळ उडवतो. हे तिन्ही थांबलं, जखमा बऱ्या होईनात आणि वजन घसरतच राहिलं, तर वेदनारहित मरणाबद्दल पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावं. ते काम भूल देऊन त्यांनीच करावं, घरी करू नये.