खपली गहू टरफलातून सहजासहजी का सुटत नाही?

एकरी ४० किलो बियाण्याचा हिशेब गच्चीवरच्या एक चौरस मीटरच्या वाफ्याला लावला, तर जेमतेम १० ग्रॅम गहू लागतो. म्हणजे साधारण अडीचशे दाणे. नोव्हेंबरात अर्ध्या वाफ्यात साधा गहू टोकला, अर्ध्यात खपली. मार्चमध्ये ओंब्या खुडून कडकडीत वाळवल्या, वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या आणि धोपटण्याने बडवल्या.

साध्या गव्हाचे दाणे लगेच मोकळे झाले. खपलीची ओंबी मात्र पेरापेरात तुटली. हाती आली ती बंद टरफलं, बहुतेकांत दोन-दोन दाणे. नखाने सोलू गेलो तर टरफल हटेना.

गहू मुळात गवतच, आणि गवताच्या दृष्टीने खपलीचं वागणं बरोबरच आहे. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटते आणि टरफलासकट बी मातीत पडतं. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस गहू पेरू लागला, तेव्हा कापणीपर्यंत न गळणाऱ्या ओंब्याच त्याच्या हाती जास्त लागल्या आणि पुढे त्याच पेरल्या गेल्या. खपली या टप्प्यावरची: उभ्या पिकात गळत नाही, पण टरफलही सोडत नाही. दाणा सहज सुटणारे गहू नंतरचे. 'क्यू' नावाच्या जनुकातला एक लहानसा बदल त्यामागे आहे, टरफल मऊ करणाऱ्या आणखी काही बदलांच्या जोडीने. आपण ज्याला मळणी म्हणतो, तिचं अर्धं काम या बदलांनीच करून ठेवलंय.

खपलीला मग उखळ लागतं. खिरीचे गहू ओलवून कांडतात, तसाच पाण्याचा हबका मारला, थोडं मुरू दिलं आणि हलक्या हाताने मुसळ चालवलं. ओलाव्याने दाणा फुटत नाही, टरफल तेवढं घासून निघतं.

पुन्हा वाळवून टेबलफॅनसमोर उफणलं. वारा लागतो पृष्ठभागाला, खाली ओढतं ते वजन. भरीव दाणा सरळ परातीत पडतो, तुसाला वजनच नाही, ते पार कठड्यापर्यंत उडतं. राहिलेले खडे आणि न सुटलेली टरफलं सुपात पाखडताना वेगळी झाली. हे काम आईने केलं. तिच्या मनगटाचा तो झटका मला अजून जमत नाही.

मूठभर खपली न कांडता डब्यात ठेवली आहे. टरफलात तिला कीड कमी लागते, आणि पेरायचीही ती टरफलासकटच.