टॉर्क पाना (मोटार दुरुस्ती)

टॉर्क पाना हे नट किंवा बोल्ट ठरवून दिलेल्या जोराइतकाच आवळण्यासाठी वापरले जाणारे हत्यार आहे. पान्याच्या मुठीवर दिलेला जोर आणि मुठीपासून बोल्टाच्या मध्यापर्यंतचे अंतर यांच्या गुणाकाराला टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर हे माप आढळते. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांनी 1918 मध्ये जमिनीखालच्या नळांचे बोल्ट अतिरिक्त आवळले जाऊ नयेत म्हणून हे साधन तयार केले, असे मानले जाते.

ग्रामीण विदर्भात, तालुक्याच्या गावी किंवा नागपूर–हिंगणघाट–पांढरकवडा महामार्गालगतच्या टिनाच्या शेडमध्ये चालणाऱ्या गॅरेजांत, चाकाचे नट आवळण्याची रूढ पद्धत म्हणजे व्हीलपान्यावर पाय देऊन उभे राहणे किंवा पान्यात पाइप घालून लांबी वाढवणे. 60 किलो वजनाचा माणूस 30 सेंटिमीटर लांबीच्या आडव्या व्हीलपान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे 176 न्यूटन-मीटर टॉर्क येतो. लहान मोटारींच्या चाकांना मात्र साधारणपणे 80 ते 110 न्यूटन-मीटर पुरतो. अशा आवळणीने स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो बोल्ट) ताणला जातो, आटे मरतात आणि ब्रेकची डिस्क वाकडी होण्याचा संभव असतो. कापसाच्या हंगामात भरलेल्या पिकअपचे चाक रात्री रस्त्यात बदलावे लागले आणि नट सुटलाच नाही, म्हणजे आधीच्या आवळणीची किंमत कळते. अनुभवी मिस्त्रीचा हात बऱ्याच अंशी बरोबर असतो, हे मान्य करावे लागते; परंतु दिवसभराच्या उन्हात थकलेला हात सकाळच्या हातासारखा राहत नाही, आणि एकाच चाकाचे सगळे नट सारखे आवळणे केवळ अंदाजाने फार कठीण आहे.

पान्याची निवड करताना किमतीपेक्षा त्याची मर्यादा आधी पाहावी. एकच पाना सर्व कामांना चालत नाही, कारण बहुतेक पाने आपल्या कमाल मापाच्या साधारण 20 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंतच भरवशाचे असतात. चाकांसाठी अर्धा इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसवण्याच्या चौकोनी टोकाचा), सुमारे 40 ते 200 न्यूटन-मीटर मर्यादेचा पाना योग्य ठरतो. तोच पाना स्पार्क प्लगवर किंवा चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटावर लावणे चूक आहे, कारण ही कामे अनेक गाड्यांत 20 ते 40 न्यूटन-मीटरची असतात. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे अशाने एकदा गेले की दुरुस्ती खर्चिक होते. अशा कामांना तीन-अष्टमांश इंची ड्राइव्हचा लहान पाना लागतो. नेमका आकडा मात्र नेहमी त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा.

प्रकारांपैकी दांडी वाकून काट्यावर माप दाखवणारा पाना सर्वांत साधा असतो आणि सहसा बिघडत नाही, पण आकडा समोरून पाहावा लागतो, जे गाडीखाली निजून जमत नाही. त्यामुळे गॅरेजात, लावलेले माप येताच ‘टक्’ असा आवाज करणारा पाना अधिक सोयीचा ठरतो. महामार्गावरच्या गोंगाटात हा आवाज ऐकू येत नसल्याने हाताला बसणारा हलका झटका ओळखायला शिकावे लागते. झटका आला की थांबावे. खात्री म्हणून पुन्हा पुन्हा ओढल्याने नट ठरलेल्या मापापुढे जातो.

वापरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पाना बोल्टाची पकड मोजत नाही, फिरवताना होणारा विरोध मोजतो. दिलेल्या टॉर्कचा ढोबळमानाने नऊ-दशांश भाग आटे आणि नटाची बैठक यांच्या घर्षणातच खर्च होतो व उरलेल्यातून बोल्ट ताणला जातो. म्हणूनच आट्यांवर ऑइल लावून कोरड्या आट्यांसाठीचा आकडा वापरला, तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. उलट, गंजलेल्या आट्यांत पाना लवकर वाजतो आणि नट सैलच राहतो. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती रिमच्या आत, हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) चकतीवर बसते आणि वाळून घट्ट होते. तिच्यावरच चाक बसवून नट मापाने आवळले, तरी काही किलोमीटरमध्ये ती माती चुरून खाली पडते आणि नट ढिले होतात. तारेच्या ब्रशने हब घासून धातूची चमक दिसेपर्यंत साफ करणे हे पाना हातात घेण्याआधीचे काम आहे. त्यानंतर नट हाताने लावून, समोरासमोरचे क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत व 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

पान्याला सरळ रेषेत जोड लावून लांबी वाढवल्यास मापही बदलावे लागते : 40 सेंटिमीटरच्या पान्याला 10 सेंटिमीटरचा जोड लावून 100 न्यूटन-मीटर हवे असतील, तर पाना 80 वर लावावा. नट सोडवण्यासाठी हा पाना कधीही वापरू नये. टक् वाजणारा पाना काम संपल्यावर सर्वांत कमी मापावर आणून ठेवावा, नाहीतर आतील स्प्रिंग कायम दाबलेली राहते. वर्षातून एकदा किंवा सुमारे 5000 वेळा वापरल्यावर प्रयोगशाळेत त्याचे अंशशोधन (माप बरोबर आहे का याची तपासणी व दुरुस्ती) करून घ्यावे. तोवर गावातही ढोबळ तपासणी करता येते : पान्याचे डोके व्हाइसमध्ये धरून मूठ आडवी ठेवावी आणि डोक्यापासून 50 सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्यावर, वजनकाट्यावर मोजलेले 20 किलो वजन टांगावे, 98 न्यूटन-मीटरवर लावलेला पाना त्या वजनाच्या आसपास वाजला पाहिजे. पान्याचे स्वतःचे वजनही थोडा टॉर्क देत असल्याने किलोभराचा फरक चालतो. तीन-चार किलोंचा फरक आढळल्यास तो पाना प्रयोगशाळेतून येईपर्यंत बाजूला ठेवावा.